लॅपटॉपचं दुखणं

गेला महिनाभर माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपच्या लॉगमध्ये अधूनमधून ‘हार्डवेअर एरर’ अशी ओळ उमटतेय. काम मात्र बिनबोभाट चालू. एरवी मी काणाडोळा केला असता, पण आईने म्हटलेल्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज यावर आहेत. आणि आई आता नाही.

प्रोसेसर आपल्या चुका आपणच टिपून ठेवतो. दुरुस्त झालेल्या चुका कर्नल साधारण दर ५ मिनिटांनी वेचून लॉगमध्ये टाकतो. ओळीत बँकेचा क्रमांक असतो (पैशांची नव्हे हो, रजिस्टरांची!) आणि स्टेटसचा १६ अंकी हेक्साडेसिमल आकडा. त्याची सुरुवात ८, ९, सी किंवा डी ने झाली तर चूक जागीच सुधारली. ए, बी, ई किंवा एफ दिसलं तर नाही. माझ्याकडे दरवेळी ९. जीव भांड्यात पडला.

मग संशय उष्णतेवर. पंख्यातून धुळीचा हा एवढा बोळा निघाला, तापमान उतरलं, पण नोंदी थांबेनात. तोच कोअर, तीच बँक. म्हणजे दुखणं बहुधा चिपमध्येच, आणि ती मदरबोर्डला कायमची डकवलेली. असो.

ओव्या बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. प्रत बरोबर आहे की नाही हे याच लॅपटॉपला विचारणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! म्हणून दादाच्या संगणकावर गेलो. त्याच्याकडे निम्म्या ओव्यांची जुनी सीडी होती. तिच्याशी चेकसम ताडले, सगळे जुळले. उरलेल्या ओव्या आम्ही दोघांनी बसून ऐकल्या. मागची जात्याची घरघरसुद्धा शाबूत आहे.