विचारायच्या जागा

लांज्यात बसून मी काजू कारखानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. आता त्यातला बराचसा कोड एआय एजंट लिहितो. माझ्याकडे उरली आहे ती कामाची पद्धत, आणि ती मी जिवापाड जपतो.

एजंट नुसता उत्तरं देत बसत नाही. तो प्रकल्पाच्या फायली उघडतो, बदल करतो, टेस्ट चालवून बघतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लॉड कोड हे असंच एक साधन आलं. आज अशी साधनं अनेक कंपन्यांची आहेत. पण नवं सत्र उघडलं की मागच्या सत्रात काय ठरलं ते एजंटला आपणहून ठाऊक नसतं. म्हणून फीचर कसं करायचं, ते मी एका साध्या फाइलीत लिहून कोडसोबतच गिटमध्ये ठेवलं आहे. आधी संबंधित कोड वाच. आराखडा लिहून दाखव. होकार मिळेपर्यंत कोडला हात लावू नकोस. आधी टेस्ट, मग कोड. फीचर कुठलंही असो, फाइल हीच.

तिच्यातली सगळ्यात मोलाची ओळ ही: पैसा, वजन किंवा कर यांचा संबंध आला तर काही गृहीत धरू नकोस, विचार. काजू बीच्या खरेदी पावतीवर कर दाखवायचा होता. आराखड्यातच एजंटने विचारलं, विक्रेता शेतकरी की व्यापारी, हे कुठे नोंदवलं आहे? प्रश्न अगदी वर्मावरचा होता. नोंदणीकृत कारखानदार शेतकऱ्याकडून थेट बी घेतो तेव्हा जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे घेणाऱ्यानेच भरायचा असतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून तीच बी घेतली, तर तो कर व्यापाऱ्याच्या बिलात येतो. बी तीच, वजन तेच, पण कराची नोंद वेगळी. ती ओळ नसती तर एजंटने सगळ्यांना एकाच रकान्यात बसवून सुबक पावती काढून दिली असती.

दुसरी ओळ प्रतवारीच्या फीचरमधून आली. बी वाफवून, फोडून, गर वाळवून, साल काढली की गरांची प्रतवारी होते. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. आकडा लहान तितका गर मोठा. सगळ्या प्रतींचं वजन, तुकडा आणि भुकटी मिळून सोललेल्या गराच्या वजनाशी जुळलं पाहिजे. बेरीज जुळेना, तेव्हा एजंटने टेस्टमधली अपेक्षित संख्याच बदलली आणि टेस्ट पास झाली म्हणून कळवलं. आता फाइलीत आहे: नापास टेस्टला हात लावण्याआधी कारण सांगून परवानगी घे. शिवाय शेवटची तपासणी कोऱ्या सत्रातला दुसरा एजंट करतो. पहिल्याने स्वतःची काय समजूत घातली होती ते त्याला माहीतच नसतं. त्याच्यासमोर फक्त आराखडा आणि झालेले बदल असतात. बदललेल्या टेस्ट तो आधी पाहतो.

सूचना म्हणजे शेवटी विनंतीच. लांबलचक फाइलीतली एखादी ओळ एजंट सहज ओलांडून जातो, म्हणून माझी फाइल मी पानभराच्या पुढे जाऊ देत नाही. जे यंत्राने तपासता येतं ते तिथे लिहीतही नाही. कमिट होण्याआधी टेस्ट चालल्याच पाहिजेत, हे गिटचा हुक बघतो. आर्किटेक्ट, मॅनेजर, टेस्टर अशा नावांच्या एजंटांची फौज उभी करणारे तयार वर्कफ्लो मिळतात. छोट्या सॉफ्टवेअरला ते निव्वळ ओझं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. शेतकऱ्याच्या पावतीचा प्रश्न त्यातल्या एकालाही आपोआप सुचणार नाही.

कोकणात राहून हे काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: दुसऱ्याची फाइल उतरवून घेऊ नका. ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर करताय त्यांच्या कारखान्यात जा, वजनकाट्यापाशी उभे राहा, हिशेब लिहिणाऱ्या ताईंना विचारा की चूक कुठे झाली तर पैसे जातात. त्या जे सांगतील ते पहिल्या ओळीत लिहा.