पाणी कोण घालणार?

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी आमच्या चर्चच्या आवारात दोन बाकं जोडून त्यांवर रोपं मांडत होतो. बोटं गारठलेली. परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला पटत नाही. त्याला हे गाव उन्हाळ्यातलं माहीत असतं, 44 अंशांचं. पण नाताळच्या सुमाराला कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा एकेरी झाला की तो पेपरात पहिल्या पानावर येतो, आणि टपरीवर माणसं तो एकमेकांना अशा थाटात सांगतात, की थंडी जणू आपणच पाडली. त्या सकाळी पिशव्यांवर दव होतं. कढीपत्त्याची पानं कडेनं काळपट पडली होती. आणि पहिलं गिऱ्हाईक समोर उभं होतं: डोक्यावरून शाल घेतलेली, मागच्या गल्लीतली एक आजी. तिनं लिंबाचं रोप उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

“कितीला हाय?”

“चाळीस.”

“चाळीसचं काई नाई रे बाबा. पाणी कोण घालीन?”

मी हसलो. दुपारपर्यंत हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की हसू गेलं.

मेळा पत्र्यांसाठी होता. शब्बाथ शाळेच्या खोलीचे पत्रे दोन पावसाळ्यांपासून गळत होते, आणि वर्गणी तरी त्याच त्याच घरांकडून किती मागायची? म्हणून आनंदमेळा. महिला मंडळाची भजी आणि केक, तरुण संघाचा रिंगा फेकायचा खेळ, एक सोडत. रोपांचं टेबल पाळकसाहेबांनी सुचवलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मला झाडांतलं फार कळतं म्हणून नाही. माझी हिशेबाची वही नीट असते म्हणून.

तसा शेतातला माल विकून देवाच्या कामाला पैसा उभा करणं आमच्या लोकांना नवं नाही. नगर-जालन्याकडच्या मंडळ्यांमध्ये हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात जे पहिलं आणि चांगलं आलं असेल ते तो वेदीपुढे आणून ठेवतो. ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, ऊस, भोपळा, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपकारस्तुती झाली की बाहेर मांडवात लिलाव. बाजारात तीस रुपयांना मिळणारा भोपळा इथं तीनशेला जातो. घेणारा तो परत टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, पुन्हा पुकारा. असा एकच भोपळा तीनदा विकला जातो आणि चौथ्याच्या घरी त्याची भाजी होते. माझ्या लहानपणी एकदा लिलावातला कोंबडा सुटून बाजाच्या पेटीवर जाऊन बसला होता. बोली थांबली नाही. उलट त्याच्या धीटपणावर खूश होऊन दहा रुपयांनी वाढली.

हा सण आजच्या रूपात आला तो इंग्लंडातून. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो या समुद्राकाठच्या गावी रॉबर्ट हॉकर नावाचे पाळक होते. त्यांनी 1843च्या ऑक्टोबरात ही हंगामाची उपासना सुरू केली. गंमत अशी, की त्याच 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनीच निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवलं. हॉकरसाहेबांचं सोपं होतं. त्यांच्याकडे सुगी एकच. आमच्याकडे सोयाबीन दसऱ्याला निघतं, कापसाची वेचणी संक्रांत ओलांडते, टाळकी ज्वारी होळीच्या आगेमागे खळ्यावर येते. कुठल्या हंगामाचे आभार मानायचे ते ज्या त्या मंडळीनं आपल्या सोयीनं ठरवावं.

पण भोपळ्याचं बरं असतं. तो संध्याकाळी शिजतो आणि हिशेब मिटतो.

रोपं जवळजवळ सगळी मावशींची. महिला मंडळातल्या त्या सर्वांत वयस्क. पाळकसाहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात. भाद्रपदाची उघडीप धरून त्यांनी छाट कलमं लावायला घेतली. जास्वंद, मोगरा, कोरांटी, अडुळसा. शेवंतीचे फुटवे, गवती चहाचे ठोंब, पानओव्याचे शेंडे, कोरफडीची पिल्लं वेगळी. मी त्यांच्याशेजारी पाट घेऊन बसलो तेव्हा कळलं, की काडी लावणं हेही शिकायला लागतं. पेन्सिलीएवढी जाड काडी, फार कोवळी नको, फार जून नको. तिच्यावर तीन-चार डोळे हवेत. वरचा काप सरळ, खालचा तिरका. खालची पानं काढून दोन डोळे मातीत जातील एवढी रोवायची आणि बाजूची माती अंगठ्यानं दाबायची. तिरका काप कशासाठी, असं मी विचारलं. पाणी धरायला, मूळ फुटायला, असं काहीतरी उत्तर येईल असं वाटलं होतं. मावशी म्हणाल्या, “पाय कोणता ते कळाया. माणसं काडी उलटी लावतात अन् मंग पाण्याला नावं ठेवतात.”

माती ही आमची दुसरी अडचण. परभणीची काळी कापसाला सोनं, पण पिशवीत दगड. पाणी पडलं की फुगते. वाळली की आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी तर रोज घालतोय. म्हणून एक घमेलं काळी, एक पोयटा, एक जुनं शेणखत, आणि मूठभर निंबोळी पेंड. पिशव्या दुधाच्या, अर्ध्या लिटरच्या. उलट्या करून धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, तळाला दोन भोकं. धुण्यात हयगय झाली की मुंग्यांची रांग लागते. महिनाभर मंडळीतल्या बायका रविवारच्या भक्तीला बायबलाबरोबर दुधाच्या पिशव्यांची घडी घेऊन येत होत्या.

आता गावात नर्सऱ्या कमी नाहीत. आंध्रातल्या कडियमहून आणि पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूनं ट्रक भरून रोपं येतात, कोकोपीटमध्ये वाढलेली, चकचकीत, फुलांसकट. त्यांच्यापुढे आमची रोपं म्हणजे लग्नात शाळेचा गणवेश घालून आलेली पोरं. आमच्या बाजूनं एकच गोष्ट सांगता येत होती, आणि ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली: हे रोप परभणीच्याच मातीत जन्मलंय.

माझा स्वतःचा हातभार म्हणजे बारा पॉइन्सेटिया. नाताळात लाल पानांची कुंडी कोणीही घेईल असा हिशेब. शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून मी त्या फाटकाजवळ, दिव्याच्या उजेडात ठेवल्या. मावशींनीही दोन लावल्या होत्या, स्वयंपाकघराच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात. डिसेंबर उजाडला तेव्हा मावशींच्या दोन लालभडक, माझ्या बारा हिरव्यागार, अंबाडीची भाजी म्हणून खपतील अशा. मग शोधाशोध केली. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. रात्र मोठी झाली, आणि ती सगळी सलग अंधारात गेली, तरच त्याची वरची पानं रंगतात. रात्रीतून दिव्याचा उजेड पडत राहिला की झाडाच्या लेखी हिवाळा आलेलाच नसतो. मावशींना मेक्सिको वगैरे काही सांगावं लागलं नाही. “झोपू तरी दिलंस का त्यांना?” एवढंच त्यांनी विचारलं. बारांपैकी एकही विकली गेली नाही.

मनी प्लांटनं वेगळाच पेच टाकला. तो विकत आणला तर लागत नाही, चोरून आणला तरच फोफावतो, असं घरोघर मानतात. विकायचा कसा? तरुण संघातल्या एका पोरानं तोडगा काढला. मनी प्लांटच्या बाटल्या टेबलाच्या टोकाला, पिंपळाच्या आडोशाला ठेवल्या, शेजारी दानपेटी, आणि आम्ही सगळ्यांनी तिकडे पाठ फिरवायची. बाटल्या तासाभरात संपल्या. पेटीत बाटल्यांच्या हिशेबानं जास्तच पैसे निघाले. चोरांचा असा प्रामाणिकपणा मी पुन्हा पाहिलेला नाही.

तुळशीचं मात्र मावशींनी कोणाला विचारलं नाही. मंडळीबाहेरच्या बायका मेळ्याला हमखास येतात आणि तुळस आहे का म्हणून विचारतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दहा पिशव्या वेगळ्या ठेवल्या आणि आल्या तशा देऊन टाकल्या. कमिटीतल्या एकानं मान हलवली. मावशी म्हणाल्या, “खोकला लागला की काढा तुमच्याबी घरी हाच होतो.”

अकरा वाजता पाळकसाहेबांनी प्रार्थनेआधी चार शब्द सांगितले. मिशनरी विल्यम केरीची गोष्ट. ज्या केरीनं 1805 साली सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं, त्याच माणसानं 1820 साली कोलकात्यात शेती आणि बागायतीची संस्था काढली. त्याच्याकडे विलायतेहून बियांची पिशवी आली होती. बिया काढून झाल्यावर त्यानं ती पिशवी बागेत एका कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तिथं डेझीचं रोप उगवलं, त्याच्या देशातल्या कुरणातलं. पाळकसाहेब बोलत असताना पोरांनी टेबलाला वेढा घातला होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांना फुला-मुलांचे कवी म्हणतात. आमच्या टेबलाशी फुलं बेताची होती, पण मुलांची कमी नव्हती.

मुलांसाठी भेंडीच्या बियांच्या पुड्या होत्या, पाच रुपयांना. ‘परभणी क्रांती’. इथल्या विद्यापीठानं भेंडीच्या नात्यातल्या जंगली झाडाशी संकर करून हे वाण काढलं, केवडा रोगाला दाद न देणारं. मग ते देशभर पोचलं. परभणी नकाशावर दाखवता न येणाऱ्या माणसानंही बियांच्या पाकिटावर हे नाव वाचलेलं असतं. आता ते केवड्यापुढे पूर्वीसारखं टिकत नाही असं शेतकरी म्हणतात. पण हायब्रीड नसल्यानं घरचं बी धरता येतं, आणि पुड्यांतलं बी मावशींनी घरचंच धरलं होतं. या गावाला बियांसाठी रांगेत उभं राहण्याची सवयही आहे. दर वर्षी 18 मे रोजी, विद्यापीठाच्या स्थापनेच्या दिवशी, खरिपाच्या बियाण्यांची विक्री सुरू होते. भर उन्हात डोक्यावर उपरणं टाकून माणसं सोयाबीन-तुरीच्या पिशव्यांसाठी थांबतात. पाऊस कुठे आहे याचा पत्ता नसतो.

तिथं पाणी कोण घालणार असं कोणी विचारत नाही. ते काम आभाळाचं. दाराशी लावलेल्या लिंबाला मात्र माणूस लागतो, आणि नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात तो प्रश्न चेष्टेचा नसतो. 2016च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तो उन्हाळा इकडे कोणी विसरलेलं नाही. टेबलापुढे उभं राहून लोक मनात मोजत होते: तांदूळ धुतलेलं पाणी, फिल्टरचं वाया जाणारं, भांडी विसळलेलं. एक जण म्हणाला, मेमध्ये आम्ही लेकीकडे पुण्याला जातो, तेवढं जमवा. एका बाईनं शेजारणीला तिथंच बोलावून घेतलं आणि मोगरा दोघींत मिळून घेतला. एकीनं गावाला जायचं तेव्हा दुसरीनं घालायचं.

मी कमिटीला आधीच सांगितलं होतं, की टेबल आषाढात लावा. पावसाच्या तोंडावर लावलेलं रोप चार महिने फुकट जगतं. त्यावर खजिनदार म्हणाले, आषाढात गावात पैसा कुठे असतो? पेरणीत गेलेला असतो. कापूस विकला जातो तो आता, पुण्या-मुंबईची पोरं घरी येतात तीही आता. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. आमच्याकडे पाऊस आणि पैसा एका महिन्यात येत नाहीत.

पाचला आवराआवर करताना ती आजी परत आली. लिंबाची तीनच रोपं उरली होती. तिनं पुन्हा तेच उचललं. कसं ओळखलं देव जाणे. वीस रुपये दिले, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, “बाकीचं पाण्यात धर.”

मी धरलं. वहीत तिच्या नावापुढे वीस जमा, वीस पाणी असं लिहिलं. मग बसल्या बसल्या वहीला आणखी एक रकाना आखला, आणि जूनमध्ये मृगाचे दोन पाऊस झाल्यावर ती घेऊन ओळखीच्या घरांतून फिरलो. जगलं, गेलं, माहीत नाही. अडुळसा आणि कोरफड जवळजवळ सगळी जगली. मोगरे निम्मे गेले. दोघींतला मोगरा जगला, पण त्या दोघी आता बोलत नाहीत. आजीच्या दाराशी लिंबाच्या बुडाला तळाला भोक पाडलेलं मडकं पुरलेलं होतं, वर फुटक्या कवेलूचं झाकण. लिंबू गुडघ्याएवढं झालं होतं. बियांपासूनचं रोप आहे, फळ धरायला अजून चार-पाच वर्षं तरी घेईल. तिलाही ते माहीत आहे.

खोलीचे पत्रे बदलले. यंदाही टेबल डिसेंबरातच आहे, माझं कोणी ऐकलेलं नाही. दुधाच्या पिशव्या आत्तापासून जमवतोय. अर्ध्या लिटरच्या असाव्यात, आणि कृपा करून धुऊन द्या.