लिंक नाही, उद्या या!

‘लिंक नाही.’ बँकेच्या काचेवर चिकटवलेले हे दोन शब्द तुम्हीही कधी ना कधी वाचले असतीलच. मला ते पहिल्यांदा भिडले २०१४ च्या दिवाळीच्या सुट्टीत, मांडवगण फराट्याला. माझं आजोळ. शिरूर तालुका, भीमाकाठ, जिकडे बघाल तिकडे ऊस.

आजोबा शिरूरला हॉस्पिटलमध्ये अॅडमिट, मामा त्यांच्याजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. डिपॉझिट आधी भरा, तेही कॅश! यूपीआयचे लाड तेव्हा नव्हते, बॉस. बँक उघडायच्या आधीच मी आणि आजी पासबुक घेऊन दारात हजर.

“लिंक न्हाई आजी, उद्या या.”

“कुणाची लिंक? माझं पैसं आतच हायेत न्हवं?”

तिथेच तर गोची होती. कोअर बँकिंग आल्यापासून ब्रँचमधलं खातेबुक गेलं. आजीचा बॅलन्स लांबच्या डेटा सेंटरमधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. ब्रँच म्हणजे नुसती खिडकी.

“बॅकअप लाइन असेल ना?” मी. (अकरावी सायन्स, फुल कॉन्फिडन्स.)

होती. ब्रँचचा राउटर दर काही सेकंदांनी पलीकडच्या राउटरला ‘हॅलो’ म्हणतो. लागोपाठ उत्तर आलं नाही, की मेन लाइन सोडून दुसरीवर जातो. कुणी बटण दाबायचं नाही, मिनिटभरात काम. आमचा राउटरही इमानदारीत दुसरीवर गेला असणार. पण बाइकवरून आलेल्या इंजिनीअरदादाने कपाळाला हात लावला. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली होती. मेनची आणि बॅकअपचीही. दोन लाइन, पण चर एकच!

खेडं म्हणून हसू नका. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. युरोपकडे जाणारा आपला इंटरनेटचा हायवेच बसला. मग जमेल तेवढा ट्रॅफिक उलटा फिरवला, पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून. लांबचा रस्ता, स्लो, पण चालू.

आमच्या मॅनेजरसाहेबांनी तेच केलं. शिरूरच्या ब्रँचला फोन लावला, तिथली लिंक चालू होती. शेजारच्या काकांची जीप काढली आणि पॅकेटऐवजी आजीच निघाली, पासबुक पोटाशी धरून. रस्ताभर एक शब्द बोलली नाही. तीन वाजता पैसे भरले, सकाळी ऑपरेशन झालं. आजोबा पुढे सहा वर्षं उसाच्या बांधावरून हिंडले.

आता मी पुण्यात फ्रीलान्सिंग करते. घरी ब्रॉडबँड, बॅकअपला मोबाइलचा हॉटस्पॉट. एकदम सेफ! गेल्या महिन्यात डेडलाइनच्या रात्री दोन्ही एकदम गेले. तेव्हा ट्यूब पेटली, कंपनी एकच. (आजीला हे सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या कंपनीचं सिम आणलंय. आजी मात्र त्या दिवाळीपासून तांदळाच्या डब्यात तळाशी नोटा ठेवते. किती, ते मामालाही माहीत नाही.