बोरघाटाचे कागदी साक्षीदार

कर्जतला पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून जादा इंजिने लागतात आणि घाट सुरू होतो. पळसदरीला खोपोलीचा फाटा सुटतो, मग ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा. सदतीस फुटांमागे एक फूट असा हा चढ आहे. खिडकीतून क्षणभर उल्हास नदीची दरी दिसते, लगेच बोगद्याचा काळोख, पुन्हा दरी. पावसाळ्यात तर कडे इतके ओसंडून वाहतात की हा मार्ग कोणी फोडला हा प्रश्न मनात यायला सवडच मिळत नाही. आला तरी त्याचे उत्तर कड्यावर कोरलेले नाही. ते जुन्या छायाचित्रांत आणि जुन्या वर्तमानपत्रांत आहे. पण आपण ही दोन्ही साधने जपतो ती वेगवेगळी, आणि अनेकदा त्यांच्या मूळ गावापासून तोडून. एखाद्या मुलखाचा इतिहास कागद कुजल्याने नष्ट होतो तितकाच या ताटातुटीनेही नष्ट होतो, असे माझे म्हणणे आहे, आणि ते पडताळून पाहायला बोरघाटासारखे दुसरे ठिकाण नाही.

१८५३ साली मुंबई–ठाणे रेल्वे धावली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीला पोहोचले आणि १८५८ मध्ये खंडाळा–पुणे मार्गही सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीने, तट्टावरून किंवा पायी चढावा लागे. रेल्वेसाठी तो फोडण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये संपले. पहिला कंत्राटदार फॅविएल. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा दंगा झाला आणि त्याच वर्षी फॅविएलने काम सोडले. अशा तंट्यांतूनच पुढे १८६० चा मालक–कामगार तंट्यांचा कायदा आला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल घाटात आल्यावर काही दिवसांतच मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन अभियंत्यांच्या मदतीने ते पुरे केले. या कामाची छायाचित्रे तिच्या नावाशी जोडलेली आहेत. उंच दगडी खांब, अर्धवट कमानी, कड्यात खोदलेले खंदक पाहून मन थक्क होते. कामाच्या ऐन भरात घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती, पण चित्रांत ती जवळजवळ नाहीतच. कुठे एखादी आकृती दिसते, तीही बांधकामाची उंची कळावी म्हणून उभी केल्यासारखी. याला निव्वळ दुर्लक्ष म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या ओल्या काचेच्या तंत्रात प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे. जो स्थिर उभा राहील तो उमटे, ज्याचे हात चालू असत त्याचा धूसर डाग होई किंवा तोही होत नसे. ज्यांनी घाट फोडला ते फोडत होते म्हणूनच चित्रातून पुसले गेले. हैजाने माणसे मेली, मजुरी थकली, दंगा झाला, यातले काहीच काचेवर उतरलेले नाही. त्यासाठी सरकारी अहवाल आणि त्या वेळची वर्तमानपत्रे उघडावी लागतात.

यावर कोणी म्हणेल की त्या वर्तमानपत्रांवर तरी काय भरवसा? मुंबईची इंग्रजी पत्रे व्यापारी आणि अधिकारी वर्गाची होती. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ किंवा १८६२ पासूनचा ‘इंदुप्रकाश’ शिकलेल्या शहरी लोकांचा. घाटातल्या कातकऱ्याने किंवा बिगाऱ्याने त्यांत कधी काही लिहिले नाही. आक्षेप खरा आहे. पण वर्तमानपत्राला तारीख असते, आणि तारीख असलेला पक्षपात तपासता येतो, त्याची दुसऱ्या पत्राशी गाठ घालता येते. शिवाय संपादकाचे मत हा अंकाचा एक भाग झाला. गाड्यांच्या वेळा, भाड्याचे दर, निविदा, हरवले–सापडले, बाजारभाव हे भावी पिढीला पटवण्यासाठी कोणी छापत नाही, म्हणून तीच साक्ष सर्वांत निर्मळ. कात्रण काढणारा नेमका हाच भाग फेकून देतो. लेख वहीत चिकटतो, अंकाची तारीख आणि पानाची पाठ नाहीशी होते, आणि उरते ते फक्त कोणाचे तरी मत.

छायाचित्रालाही हीच तारीख लागते. ‘म्हाऊ की माळी’ या ठिकाणचा कमानींचा पूल चित्रात दिमाखाने उभा दिसतो. १८६७ मध्ये तो कोसळला. चित्रावर वर्ष नसेल तर ते चित्र अभियांत्रिकीच्या विजयाचे ठरते, वर्ष असेल आणि शेजारी बातमी असेल तर तेच चित्र घाईच्या बांधकामाचा पुरावा होते. खंडाळ्याजवळच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनचीही तशीच गोष्ट. तिथे गाडीची दिशा उलटी व्हायची, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लागायचे. १९२९ मध्ये नवी वाट झाली आणि स्टेशन निकामी ठरले. आजच्या प्रवाशाला ते ओलांडल्याची जाणीवही होत नाही. ती चाल कशी होती हे समजण्यासाठी चित्र हवे, आणि ती का सोडली हे समजण्यासाठी त्या वर्षांची छापील पाने.

रस्त्याने घाट चढणाऱ्याला शिंग्रोबाचे मंदिर लागते. इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवणारा आणि त्याबद्दल बक्षिसाऐवजी मृत्यू पावलेला धनगर, अशी त्याची कथा. अनेक वाहने आजही तिथे थांबून नमस्कार करून पुढे जातात. मग लोकांची आठवण एवढी भक्कम असताना कागदाची उठाठेव कशाला? मला ही आठवण अनमोल वाटते, कारण अहवालांनी अभियंते मोजले आणि वाट दाखवणारा विसरला. लोकांनी नेमके उलट केले. तरी कथेत वर्ष नाही. ती कोणी १८३० च्या गाडीरस्त्याची सांगतो, कोणी रेल्वेची. मंदिराची दर दशकातली चित्रे, जत्रेच्या बातम्या, कथा पहिल्यांदा छापली गेली तो अंक एकत्र झाला तर श्रद्धेला धक्का न लावता ती कशी वाढत गेली हे सांगता येईल. याच रस्त्यावरचा अमृतांजन पूल १८३० चा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो स्फोटाने पाडला. ज्या बामच्या जाहिरातीवरून त्याला ते नाव मिळाले ती पाटी एखाद्या चित्रात आहे की नाही, यावरूनही त्या चित्राचा काळ ठरवता येतो. पूल नाही म्हणून आता प्रत्येक तपशील मोलाचा झाला आहे.

सगळे स्कॅन होतेच आहे, मग चिंता कशाची, असा शेवटचा आक्षेप असतो. स्कॅनने प्रत वाचते, ओळख वाचतेच असे नाही. संगणकावर हजारो फायली ‘जुना घाट’ या नावाने पडल्या तर त्या हरवल्यासारख्याच आहेत. मूळ कागदही एकसारखा टिकत नाही. चिंध्यांच्या लगद्याचा १८६० चा अंक अजून पलटता येतो, तर लाकडाच्या लगद्याचा १९३० चा अंक त्यातल्या आम्लाने घडीवर तुटतो. म्हणजे सर्वांत जुन्याकडे नव्हे, विसाव्या शतकातल्या अंकांकडे आधी धाव घ्यायला हवी. हे काम मुंबई–पुण्याच्या मोठ्या संग्रहालयांवर सोडून भागणार नाही. त्यांना ‘म्हाऊ की माळी’ ठाऊक असेल, पण ठाकूरवाडीच्या फलाटावर उभा असलेला सिग्नलवाला कोण होता हे ठाऊक नसणार. कर्जत, खोपोली, लोणावळा इथल्या वाचनालयांकडे जागा आहे, सभासद आहेत, आणि रेल्वेत पिढ्यानपिढ्या नोकरी केलेली घरे त्यांच्या आसपासच आहेत. या घरांतल्या सेवानिवृत्ती समारंभाच्या फोटोंत खुर्चीवरचे साहेब ओळखता येतात, मागे उभे असलेले गँगमन ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याकडून एकेक नाव विचारून ते फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, वर्षासह लिहून घेणे, आणि त्याच वर्षाचा स्थानिक साप्ताहिकाचा अंक रद्दीत जाण्याआधी अखंड बांधून ठेवणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते. त्याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो वाचनालयाच्या कार्यकारिणीचा एक ठराव आणि दर आठवड्याला दोन तास बसणारी दोन माणसे.