झेडराव

या, ओळख करून देतो. हे झेडराव. मुक्काम टीव्हीखालच्या कप्प्यात, राउटरच्या शेजारी. पोटात दोन हार्ड डिस्क आणि त्यांत घरादाराचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, फ्लॅटची कागदपत्रं. बाजारातलं नाव ‘नॅस’, म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी, पण कॉम्प्युटरने त्यांना झेड ड्राइव्ह म्हणून नोंदवलंय, म्हणून झेडराव. तहसील कचेरीतल्या जुन्या रेकॉर्डकीपरसारखे आहेत: कागद हरवत नाही, फक्त साहेब जागेवर हवेत.

मानी इतके, की सकाळी कॉम्प्युटर सुरू करावा तर त्यांच्या नावावर लाल फुली. नवखा माणूस हबकतो. खरं तर वायफाय लागायच्या आधीच कॉम्प्युटरने त्यांना हाक मारलेली असते, आणि त्यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नसते. फुलीवर डबल क्लिक करा, सगळे फोल्डर हजर. वर काही घडल्याची खूणही नाही.

झोप मात्र दांडगी. काही वेळ कुणी काही मागितलं नाही, की डिस्क थांबवून आडवे. मग एखादा फोटो मागा. हिरवी पट्टी रेंगाळते, आतून घर्रर्र होतं, डिस्क वेग घेतात आणि मग कुठे उत्तर येतं. उतावळे प्रोग्राम तेवढ्यात ‘सापडत नाही’ म्हणून मोकळे होतात. सेटिंगमधून ही झोप बंद करता येते. मग रात्रभर त्यांची घरघर तुम्ही ऐका.

वीज जाऊन आली की कधीकधी पत्ता बदलतात. काल १९२.१६८.१.५, आज शेवटी ९. कॉम्प्युटर बिचारा जुन्याच दारावर थापा मारत बसतो. राउटरमध्ये त्यांच्या नावाने एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवला, की ही भटकंती थांबते.

भाषेच्या बाबतीत जुन्या वळणाचे. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने ‘एसएमबी १’ या फाइल देण्याघेण्याच्या जुन्या बोलीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात विंडोज १०च्या नव्या इन्स्टॉलेशनमधून ही बोली वगळली गेली. तेव्हापासून ज्यांना तेवढीच येते, ते झेडराव नव्या कॉम्प्युटरसमोर मुके. फर्मवेअर अपडेट करून नवी बोली शिकवावी. त्यांच्या हट्टापायी जुनं भोक पुन्हा उघडू नये.

दर वेळी दोष त्यांचाच असतो असंही नाही. मध्ये व्हिडिओ अडखळू लागला, कॉपी रांगायला लागली, आणि सगळं घर त्यांच्यावर घसरलं. केबलचं टोक हातात घेतलं तर प्लास्टिकची खिटी तुटलेली, कनेक्टर सैल, आतली एक तार टेकतच नव्हती. गिगाबिट वेगाला आठही तारा लागतात. चारांवर गाडी १०० मेगाबिटला येते. नवी केबल लावली आणि झेडरावांचं बालंट टळलं.

त्यांचा खरा दोष वेगळाच: बढाई. ‘माझ्याकडे सगळं दोन-दोनदा आहे,’ हा त्यांचा तोरा. एक डिस्क मेली तर दुसरी गाडा ओढते, हे खरंच. पण चुकून फोल्डर उडवलात, तर तो दोन्हींवरून एकदमच उडतो. तेव्हा बाहेरची एक डिस्क आणून अधूनमधून नक्कल काढा आणि ती त्यांच्यापासून लांब ठेवा. हे गुपचूप उरकता आलं असतं तर बरं झालं असतं. पण डिस्क त्यांच्या यूएसबी पोर्टला लावा किंवा कॉम्प्युटरला, फाइली शेवटी त्यांच्याकडूनच मागून घ्याव्या लागतात.