केशरी कार्ड आणि जुम्याचा रुमाल

आमच्या मोहल्ल्यात कुणाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं झालं की हल्ली पहिला प्रश्न असतो, "कार्ड है ना?" माझ्या लहानपणी विचारायचे, "कित्ते जमे?"

1994 साली अब्बांचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात रुमाल पसरला. चिल्लर, पाच-दहाच्या नोटा आणि एक शंभराची. अब्बा बरे झाले. पण त्यानंतर कितीतरी वर्षं कुणाकडे शादी असो की मय्यत, अम्मी सगळ्यांच्या आधी जाऊन भांड्यांना बसायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. ज्या घरातून शंभराची नोट आली, तिथल्या पोरांची शिकवणी मी बीएड झाल्यावरही फुकट घेत होते. देणारे केव्हाच विसरून गेले होते. आम्ही विसरलो नाही.

म्हणून हैदराबादच्या खालाचा फोन मला अजून आठवतो. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांचं एक टोक अजून हैदराबादेत असतं. खालूंचं दिलाचं ऑपरेशन झालं होतं आणि खाला सांगत होती, एक रुपया लागला नाही, पांढरं रेशनकार्ड दाखवलं. आंध्रात 2007 पासून राजीव आरोग्यश्री योजना सुरू होती. मला आधी खरंच वाटेना, कारण आपल्याकडे पांढरं कार्ड पैसेवाल्यांचं. तिकडे ते गरिबाचं असतं.

आपल्याकडे तशीच योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत आली, मराठवाड्यातून फक्त नांदेडला. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर लागू झाली, तेव्हा बीडचाही नंबर लागला. आधी नाव राजीव गांधी जीवनदायी, 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. पिवळं किंवा केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. कुटुंबाचा हप्ता सरकार भरणार. 2020 मध्ये तो वर्षाला 797 रुपये होता. विमा म्हटल्यावर मोहल्ल्यात कुजबुज झाली की हे जायज आहे का. मौलानांनी दोन वाक्यांत मिटवलं: तुम्ही हप्ता भरत नाही, हुकूमत इलाज करते आहे, घ्या. मला तर वाटतं, साबणावर आपण जो कर भरतो त्यातूनच हा हप्ता जातो, तेव्हा लाजायचं कशाला? अम्मीच्या नशिबात हे असतं तर ती भांड्यांना बसली नसती.

आता चाचींची गोष्ट. त्या माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. चाचा हातगाड्यावर केळी विकतात. 2022 मध्ये एका गुरुवारी रात्री चाचींच्या छातीत कळ आली. बीडला ईसीजी काढला आणि औरंगाबादला न्या म्हणाले. सव्वाशे किलोमीटरच्या पुढचा रस्ता. केशरी कार्ड, आधार, सगळं पिशवीत होतं. तिथल्या आरोग्यमित्राने दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाला, ही बाई एकच आहे हे मी कसं दाखवू?

चाचींचं नाव इथे लिहीत नाही. उर्दूत ते ज्या अक्षराने सुरू होतं, तसा आवाज देणारी चार अक्षरं आहेत: झे, झाल, झ्वाद, झो. मराठीत कुणी त्यांचा 'ज' करतो, कुणी 'झ'. रेशनकार्डावर 'ज' होता, आधारवर 'झ'. एकीकडे नावाला चिकटून 'बी', दुसरीकडे वेगळं 'बेगम'. त्यात आमच्याकडची नावाची रीत: शेख अमुक शेख तमुक. फॉर्ममध्ये रकाने तीन, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. संगणकाने 'शेख' हेच चाचींचं पहिलं नाव धरलं होतं आणि आडनावाच्या जागी सासऱ्यांचं नाव.

अॅंजिओप्लास्टी थांबवता येणार नव्हती. कागद जुळेपर्यंत चाळीस हजार अनामत भरा, असं सांगण्यात आलं. (तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेता येते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.) दुसऱ्या दिवशी जुमा होता. रुमाल पुन्हा पसरला. एकतीस हजार जमले. उरलेले नऊ हजार मी घातले.

चाचींना वाटतं मी उपकार केले. पण रेशनकार्डाचा तो फॉर्म मीच भरला होता. 2013 च्या शेवटी, योजना येणार म्हणून मोहल्ल्यातल्या बायका कागद घेऊन माझ्या ओट्यावर बसल्या होत्या. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी मी एकटीच. कुणाचंही आधार समोर न ठेवता, माझ्या कानाला बरोबर वाटेल तसं मी लिहीत गेले. शुद्धलेखनाचा तोरा होता, दुसरं काय. हे मी चाचींना अजून सांगितलेलं नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तिसऱ्या दिवशी दाखला मिळाला, मंजुरी आली, पुढे अनामतही परत मिळाली. चाचींनी घरी आल्या-आल्या चाचांना मशिदीत पाठवलं, एकतीस हजार परत करायला. सदर साहेब म्हणाले, रुमालातले पैसे कुणाचे हे कसं सांगणार, राहू द्या, पुढच्याला होतील. माझे नऊ हजारही मी त्यातच टाकले. त्या पैशांतून आता गाडीभाडं निघतं, तपासण्या निघतात, दवाखान्याबाहेर बसलेल्या माणसाचा चहा-नाश्ता निघतो. कार्ड भरतीनंतरचा खर्च उचलतं. चाचांची आठ दिवस बुडालेली केळी कुठल्याही यादीत नाहीत.

अडचण अशी की पेटी भरत नाही. "कार्ड है ना?" हा प्रश्न आता रुमालासमोरही विचारला जातो आणि माणूस चप्पल घालून पुढे निघतो. 2023 मध्ये सरकारने ही योजना सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू करून मर्यादा पाच लाख करायचं ठरवलं, तेव्हापासून तर जास्तच. मी लोकांना सांगून थकले की शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या पाच लाखांत येत नाहीत. चाचींना महिन्याला बाराशेच्या गोळ्या लागतात. एक महिना आम्ही, एक महिना समोरचे दर्जी, एक महिना चाचांचा पुतण्या. मागच्या महिन्यात पुतण्याने दिले नाहीत, तेव्हा चाचींनी गोळी अर्धी करून खाल्ली. मला ते पत्त्यावरच्या उरलेल्या गोळ्या मोजल्यावर कळलं.

दर रविवारी असरनंतर मी ओट्यावर बसते. आधी आधार बाहेर काढायला लावते, मग रेशनकार्ड, मग शाळेचा दाखला, आणि एकेक अक्षर बोट ठेवून बघते. गेल्या रविवारी सात घरं आली. चार घरांच्या कागदांत फरक निघाला. त्यातले दोन दाखले माझ्याच शाळेचे होते.