मांडवाखालची जागा

परसात चार खांबांवर काही उभे राहिले की त्याच्या खालच्या जागेवर घरातल्या प्रत्येकाचा डोळा असतो. पुण्यामुंबईच्या वाचकांना मांडव म्हटला की लग्न आठवेल. पण आमच्या बुलढाण्याकडे, घाटावर काय नि घाटाखाली काय, गोठ्यालगतचा मांडव बारमाही असे. बाभळीच्या मेढी रोवायच्या, त्यांच्या बेचक्यांत आडवी लाकडे टाकायची आणि वर ज्वारीचा कडबा रचायचा. कडबा जमिनीच्या ओलीपासून आणि गुरांच्या तोंडापासून दूर राहतो, आणि खाली आयती सावली पडते. (आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, कडबाच नाही, तर मांडव कशाला!)

ही सावली कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. आजी तिथे तूर पाखडी, बैल रवंथ करीत, आम्ही पोरे गोट्या खेळत असू. रात्री तिथे सालदाराची बाज पडे.

१९६५ च्या फाल्गुनात वडिलांनी ती जागा बंदिस्त करायचे ठरवले. सरकी, ढेप, बियाणे, वखराच्या पासा यांना कुलपाआड जागा हवी होती. कापसाचा मुलूख आमचा; १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला तोही कापसासाठीच. जिथे पैसा जातो तिथे कुलूप मागोमाग येते, त्याला कोण काय करणार?

कूड बांधायचे काम अर्थात सालदाराकडेच आले. त्यात तो वाकबगार होता. पऱ्हाट्या फाटेफुटीच्या, म्हणून त्याने सरळ तुराट्या निवडल्या. बांबूच्या कांबींमध्ये उभ्या धरून अंबाडीच्या दोरीने आवळल्या. खाली दगडांची ओळ घातली, कारण तुराटी मातीला टेकली की वाळवीला आमंत्रणच. लिंपायला शेतातली काळी माती चालत नाही. वाळताना ती तडकते. गावठाणाची पांढरी माती आणून त्याने शेणात कालवली. वरती वीतभर फट मात्र मोकळी सोडली. कोंडलेली दमट हवा कडब्याला बुरशी आणते.

तीन बाजू झाल्या. चौथीशी तो थांबला आणि म्हणाला, "मालक, हेही बाजू बांधली तं मी निजू कुठी?"

वडील सहज बोलून गेले, "गोठ्यात नीज."

"गोठ्यात ढोरं निजतात, लेका," आजी आतून म्हणाली. "त्याची बाज ओसरीवर टाक."

ओसरीवर सालदार! गल्लीत काय बोलतील, हे वडिलांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले. माणूस वाईट नव्हता, पण गावाच्या नजरेला भिणारा होता. तरी आईचा शब्द मोडवेना. आठ रात्री बाज ओसरीवर पडली. त्या आठ दिवसांत वडील संध्याकाळचे बाहेर बसले नाहीत.

मग पाडवा आला. पाडवा म्हणजे सालाचा नवा करार: इतकी ज्वारी, इतके रोख, एक घोंगडी, एक जोडा. दरवर्षी ज्वारीच्या पायलीवरून घासाघीस व्हायची. त्या वर्षी सालदाराने पायलीचे नावच काढले नाही. बांधलेल्या खोलीतली अर्धी जागा, मध्ये आडवा कूड, आणि दाराला कडी – तीही आतून. वडील बराच वेळ सुपारी कातरत बसले. शेजारच्या गावातून त्याला बोलावणे होते, हे त्यांना ठाऊक होते. पेरणी तोंडावर असताना असा हात कोण सोडतो? त्यांनी होकार दिला.

सावली गेली. आजी तूर अंगणात उन्हात पाखडू लागली, कुरकुरली नाही. सालदाराने आतल्या कुडाला एक हातभर आरसा अडकवला, आणि बाजेखाली पत्र्याची पेटी ठेवली. आजवर ती पेटी त्याने कुठे ठेवली होती कोण जाणे.

पूर्वी पहाटे बैल सोडायची वेळ झाली की वडील थेट बाजेपाशी जात आणि त्याचे पांघरूण ओढीत. पाडव्यानंतर ते दाराबाहेर उभे राहून हाक मारू लागले, आणि कडी निघेपर्यंत तिथेच थांबू लागले.